चार नंबरची तोफ, एक कमी

११ जानेवारी, रविवार

जागा मिळाली. ७ आणि ८ फेब्रुवारी, शनिवार-रविवार, कशेळ्याच्या अलीकडचं फार्महाऊस. खालापूरहून नरेशने फोन करून पक्कं केलं. फार्महाऊस सांभाळणाऱ्या साईनाथशी तो स्वतः बोलला आहे. प्रजासत्ताक दिनाला जोडून घ्यावं असं माझ्या मनात होतं, पण ते तीन दिवस मुंबईकरांनी दिवाळीतच धरून ठेवलेत.

पलटणीत मी तोफेचा नंबर एक होतो, म्हणजे तोफेवरच्या सहा जणांचा प्रमुख. रोज संध्याकाळी वर रिपोर्ट द्यायचा: आधी ताजी खबर, ती कोणी पक्की केली, शेवटी पुढे काय अपेक्षित. निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी लिहायला बसलो की हात त्याच चालीने चालतो.

आमच्या बॅटरीचा, म्हणजे तोफांच्या तुकडीचा, हा पहिलाच मेळावा. चाळीसेक जण येतील. सातारा, बीड, धुळे, सगळीकडून. सगळ्यांनी शिळफाट्याला उतरायचं आणि तिथून नरेशच्या भाच्याच्या टेंपोतून यायचं. शनिवारी सकाळी फॉल-इन होणार, जुन्या पद्धतीने. एकेका तोफेची माणसं एकेका रांगेत उभी राहतील आणि प्रत्येक नंबर एक मोठ्याने सांगेल, माझी तोफ पूर्ण किंवा इतके कमी. जे वारले ते कमी धरायचे नाहीत, त्यांची 'वरच्या पोस्टिंगवर' बदली झाली असं सांगायचं. पण जो जिवंत असून आला नाही त्याचं कारण नंबर एकने सगळ्यांसमोर द्यायचं. ही अट मीच घातली. पोरं टाळाटाळ करतात म्हणून.

आमच्या चार नंबरच्या तोफेवर मी, निशाणा लावणारा नरेश, गोळा भरणारा धाकलू, सातारचे दोघे आणि जितेश. जितेश वरच्या पोस्टिंगवर. बाकी सगळ्यांचा होकार आला. फक्त धाकलूचा नाही, आणि तोच सगळ्यात जवळ राहतो. कशेळ्यापासून पुढे डोंगराच्या पायथ्याला त्याचं गाव.

नरेश हल्ली फोनवर फार पुटपुटतो. वय झालं त्याचं.

उद्या धाकलूला फोन करणार.

१४ जानेवारी, बुधवार

धाकलू फोन उचलत नाही. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ केला. त्याच्याकडे बटणाचा फोन आहे, चालू असतो, वाजतो. आज एकदाच उचलला गेला, पण त्या अंबावहिनी होत्या, त्याची बायको. "भावजी, ते शेतावर हायत." संध्याकाळी केला तेव्हाही शेतावर. थंडीत, अंधार पडल्यावर, शेतावर काय करतो तो?

रूपा, माझी बायको, म्हणाली, "अवो, असंल काय अडचण. जाऊन बघा की." मी म्हटलं, आमंत्रण द्यायचं असतं, पाय धरायचे नसतात.

सूनबाईने तिळगूळ दिला. एक सांगायला हवं, मेघा मला काही बोलायचं असलं की आधी समोर येऊन उभी राहते आणि मगच बोलते. आजकालच्या मुली स्वयंपाकघरातून ओरडतात. हिच्यावर संस्कार चांगले आहेत.

१८ जानेवारी, रविवार

धाकलू दिसला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, म्हणून कोणी पक्कं करायची गरज नाही.

कशेळ्याला पंडालवाल्याकडे गेलो होतो. काम आटपून बाहेर आलो तर रस्त्यापलीकडे धाकलू आणि अंबावहिनी. वहिनींनी त्याचा दंड धरला होता, नव्या नवऱ्यासारखा. मी हाक मारली. आमच्या बॅटरीतला माणूस हाक मारतो तेव्हा ती हाक नसते, भोंगा असतो. जीपवाले वळले, भाजीवाली वळली, एका जीपच्या टपावरची कोंबडीसुद्धा वळली. धाकलू वळला नाही. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याला घेऊन गल्लीत शिरल्या.

म्हणजे हे ठरवून चाललंय.

संध्याकाळपासून आठवत बसलोय, माझ्या हातून असं काय घडलं. जितेशच्या दहाव्याला आम्ही भेटलो होतो तेव्हाही तो कोपऱ्यात बसून होता, कोणाशी बोलला नाही. मला वाटलं, दुःख. जितेश त्याचा जिगरी. कारगिलच्या उन्हाळ्यात मणाहून जड गोळा जितेश उचलून द्यायचा आणि धाकलू भरायचा. नळीच्या अगदी लगत. कापसाचे बोळे दिले होते, ते तो मिशीला तेल लावायला वापरायचा.

१९ जानेवारी, सोमवार

विशेष काही नाही. टीव्ही बिघडलाय. आवाज पूर्ण वर करूनही बातम्या नीट येत नाहीत. मुलाला, प्रबुद्धला, दाखवला, तो म्हणतो ठीक आहे. आजकालच्या पोरांना कशातच खोट दिसत नाही.

२५ जानेवारी, रविवार

धाकलूच्या घरी जाऊन आलो. नसतो गेलो तर बरं झालं असतं.

स्कूटर त्याच्या अंगणाबाहेर लावली. तो खळ्यावर माझ्याकडे पाठ करून वालाच्या शेंगा निवडत बसला होता. पाठ तशीच रुंद, केस सगळे पांढरे. अंबावहिनी घरातून धावत आल्या. "या भावजी, या. असं इकडनं या, त्यांच्या समोर बसा."

पण मी रागात होतो. वाटेत जे जे बोलायचं ठरवलं होतं ते उभ्या उभ्याच बोललो, त्याच्या पाठीशी. म्हटलं, धाकलू, फोन उचलत नाहीस, हाकेला ओ देत नाहीस, माझं काय चुकलं ते एकदा सांग. म्हटलं, तुझ्या पोराच्या लग्नाला मी येऊ शकलो नाही तो राग असेल तर बोल, मी तेव्हा दवाखान्यात होतो. म्हटलं, चार नंबरची तोफ एक कमी म्हणून सांगायला मला लाज वाटेल, तुला वाटणार नाही का?

तो शेंगा निवडत राहिला. चांगल्या टोपलीत, किडक्या बाजूला. मान एकदाही हलली नाही.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि पदर लावून घेतला. "भावजी, जरा दम धरा. समोर तर या. चहा टाकते."

"वहिनी, ज्याला माझं तोंड बघायचं नाय त्याच्या घरचा चहा मी कसा पिऊ?"

निघालो. वळणावरून मागे पाहिलं तर धाकलू उभा. वहिनी माझ्या दिशेने हात करून त्याला काही सांगत होत्या आणि तो माझ्याकडे बघत होता. शेंगांची टोपली हातातून पडलेली. आता कशाला बघतोस?

घरी रूपाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाठमोराच होता का, शेवटपर्यंत?" मी म्हटलं, हो, एवढा माज. ती थोड्या वेळाने फोन घेऊन परसात गेली. बहिणीशी बोलत असेल.

३१ जानेवारी, शनिवार

बेचाळीस जण येणार, नरेशने यादी पक्की केली. तो आज घरी आला होता. जेवणाचं ठरवलं. शनिवारी संध्याकाळी पोपटी करायची यावर एकमत. सातारकर, बीडकर काय जाणणार पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, रताळी, अंडी, कोंबडी, मडकं उपडं घालून भोवती जाळ. त्यांना फोनवर म्हटलं, आमच्याकडे तेल-पाण्याशिवाय शिजवतात. त्यांचा विश्वास बसत नाही.

मग नरेशने विषय काढला. "उस्ताद, धाकलूचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"फॉल-इनला कारण सांगावं लागंल. सहा नंबरच्या तोफेवर एक माणूस जास्तीचा हाय, शेवटी शेवटी आला होता तो. त्याला आपल्यात उभा करू. पूर्ण सांगून मोकळा हो."

मी म्हटलं, "उधारीचा गडी उभा करून पूर्ण सांगू?"

"मग काय सांगशील? रुसलाय म्हनून? बेचाळीस म्हातारे हसतील रं."

"हसू देत. जागा रिकामी राहील."

हे बोललो खरा, पण मनातून घाबरलो आहे. हसण्याला नव्हे. एकदा सगळ्यांसमोर 'एक कमी, कारण माहीत नाही' असं बोललो की ते कायमचं झालं. मग धाकलूच्या घराकडे परत कोणत्या तोंडाने जाऊ?

रूपा चहा घेऊन आली. म्हणाली, "शेंगा कुठनं घेताय? बाजारातल्या जून असतात. अंबाबाईकडनं घ्या, त्यांच्या खळ्यावर ताज्या हायत."

मी म्हटलं, त्या घराशी माझा व्यवहार नाही. नरेश म्हणाला, "तुझा नाय तर माझा हाय. शेंग काय रुसलीय का तुझ्यावर?" रूपा लगेच म्हणाली, "शनिवारी सकाळीच मागवा, फॉल-इनच्या टायमाला. पोती जड असतात, त्यांचा माणूस येईल उतरवायला." फॉल-इनच्या वेळेलाच कशाला, असं मी विचारलं. "ताज्या राहतात," ती म्हणाली. बायकांची शिस्त वेगळी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पंडाल नको असं शेवटी ठरलं, सावली भरपूर आहे. साईनाथने गाद्या मोजून दिल्या. मेघाने माझा कोट इस्त्री केला, पदकं लावली. मग समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तिकडे गेल्यावर नरेशकाकांशी जरा बोला. त्यांनी एक गोष्ट आणलीय, ती कशी वापरतात ते विचारा." कसली गोष्ट? "त्यांनाच विचारा." घरात सगळे कोड्यात बोलायला लागलेत.

उद्या संध्याकाळी सातारचे दोघे शिळफाट्याला उतरणार.

७ फेब्रुवारी, शनिवार

चार नंबरची तोफ पूर्ण. मी स्वतः रिपोर्ट दिला आणि बेचाळीस जणांनी तो ऐकला, म्हणजे ज्यांना ऐकू आला त्यांनी.

सकाळी पोहे झाल्यावर मैदानात रांगा लागल्या. पोटं पुढे, पण टाचा जुळलेल्या. माझ्या डावीकडे नरेश, मग एक हात रिकामी जागा, मग सातारचे दोघे. जितेशची जागा शेवटी, तिथे झेंडूचं फूल ठेवलं होतं. एक नंबरच्या तोफेपासून रिपोर्ट सुरू झाला. रांगेतून हलायचं नाही, बोलायचं नाही, हा नियम.

दोन नंबरचा रिपोर्ट चालू असताना फाटकातून टेंपो आत आला. शेंगांची पोती. पुढून अंबावहिनी उतरल्या आणि मागून, पाठीवर पोतं घेऊन, धाकलू.

रांगेत कुजबुज झाली. मग कोणीतरी नियम मोडला. "ए धाकलू!" मग दुसरा, मग तिसरा. तोफखान्याची माणसं आहेत. झाडावरचे कावळे उडाले. शेजारच्या फार्महाऊसच्या गच्चीवर कोणी मुंबईकर चहाचा कप घेऊन बाहेर आला. धाकलूने पोतं खाली ठेवलं, शांतपणे दुसरं घ्यायला वळला. इतक्या माणसांची हाक एका माणसाच्या पाठीवर आपटून खाली पडली.

खळ्यावरची ती पाठ डोळ्यासमोर आली आणि कशेळ्याचा रस्ता. रुसलेला माणूस एकाशी रुसतो, अख्ख्या बॅटरीशी नाही. कावळे ओरडत उडाले, तेव्हा तरी त्याने वर बघायला हवं होतं.

पोतं पाठीवर घेऊन तो वळला तेव्हा त्याचं तोंड आमच्याकडे झालं. मी रांगेतून हललो नाही. उजवा हात उचलला आणि तळवा डोक्यावर ठेवला, कोपर बाजूला. तोफा चालू असताना हुकूम ऐकू जात नाहीत, तेव्हा हातानेच बोलायचं असतं. या खुणेचा अर्थ, माझ्याकडे या.

धाकलूने पोतं टाकलं. वाल सगळीकडे पसरले. साठीचा माणूस, लुंगीवर सदरा, पायात प्लास्टिकच्या चपला, दुडक्या चालीने मैदान ओलांडून आला आणि त्या रिकाम्या जागेत टाच मारून उभा राहिला. चपलेची टाच वाजत नाही, पण त्याने मारली. छाती वर-खाली होत होती. माझ्याकडे बघितलं नाही, समोर बघत राहिला, नियमाप्रमाणे.

मी दोन पावलं पुढे गेलो. "चार नंबरची तोफ! एक जण वरच्या पोस्टिंगवर, बाकी सगळे हजर! तोफ पूर्ण!"

आवाज फाटला. नरेश म्हणतो धुळीने.

फॉल-इन सुटल्यावर मी त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. अगदी समोर. म्हटलं, "धाकल्या, कधीपासून?" त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं. मग खूप मोठ्याने म्हणाला, "उस्ताद, तुमी त्या दिवशी आलावता, मला कळलंच नाय वो! तुमी गेल्यावर ही सांगत बसली!" आणि माझा हात असा धरला की पदकं वाजली.

अंबावहिनी पसरलेले वाल गोळा करत होत्या. रूपाही तिथेच होती, कधी आली देव जाणे. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, पण दोघींचे खांदे हलत होते.

संध्याकाळी पोपटी धाकलूनेच लावली. मडकं झालं की नाही हे बघायला त्यावर पाणी शिंपडतात, चर्र आवाज आला की झालं. त्याने पाणी शिंपडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी कान दिला, मला काहीच ऐकू आलं नाही. नरेशकडे पाहिलं, त्यानेही खांदे उडवले. शेवटी अंबावहिनी चुलीजवळून ओरडल्या, "अवो झालं की कवाचं! काढा, करपंल!"

मग साईनाथ आला. "काका, जरा हळू बोला ना. शेजारच्यांनी तक्रार केलीय."

"कसली तक्रार? त्यांचाच डीजे चालू आहे ना?"

"ते म्हणतात डीजे ऐकू येत नाय, तुमच्यामुळं."

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चहाला धाकलूने सगळं सांगितलं. आम्ही पाच जण गोल करून बसलो, म्हणजे त्याला सगळ्यांची तोंडं दिसतील. हे नरेशला सुचलं.

दोन वर्षं झाली. आधी उजवा कान गेला, मग डावाही जवळजवळ गेला. कशेळ्याच्या बाजारात मागून टेंपो आला, हॉर्न वाजवत राहिला, हा मधोमध चालत राहिला. ड्रायव्हरने उतरून शिव्या घातल्या आणि लोक हसले. तेव्हापासून एकटा घराबाहेर पडत नाही. अंबावहिनींना शपथ घातली, पलटणीत कोणाला सांगायचं नाही.

सातारच्या एकाने विचारलं, "आमाला का नाय सांगायचं रं?"

धाकलू म्हणाला, "तुमी गडी समदे धडधाकट. मीच एक बहिरा निघालो."

मग नरेशने शर्टाच्या खिशातून एक छोटी डबी काढली आणि सतरंजीवर ठेवली. आत कानाचं मशीन. "सुनंनं आनून दिलं. वरीस झालं. आतापत्तूर खिसाच ऐकतोय." सातारचा एक म्हणाला, "माझं कपाटात हाय. बायको म्हनते, कपाटाला बोलू का?" दुसरा म्हणाला त्याचं उशीखाली आहे.

धाकलूने डबीकडे पाहिलं, मग आमच्या तोंडांकडे एकेक करून. आणि हसला. जितेश गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळे पुसायला लागला.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला तसा काही त्रास नाही, माझ्या घरचेच हळू बोलतात. यावर चौघे इतके हसले की साईनाथ परत आला. काय हसण्यासारखं होतं कळलं नाही.

दुपारी निरोप घेताना हाका नव्हत्या. टेंपोतून जाणारा प्रत्येक जण धाकलूकडे बघून तळवा डोक्यावर ठेवत होता. कोणीही कोणाकडे जात नव्हतं, सगळे आपापल्या गावी निघाले होते, तरी हीच खूण. तोही फाटकात उभा राहून शेवटचा टेंपो वळेपर्यंत डोक्यावर हात ठेवून होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

पनवेलच्या कानाच्या डॉक्टरांची उद्याची वेळ मिळाली. मेघाने फोन लावून पक्की केली आणि समोर येऊन सांगितली. डॉक्टर तपासतील, मशीन लागलं तर तिथेच मापून देतील. धाकलू म्हणाला होता नको, मग काल रात्री अंबावहिनींनी रूपाला कळवलं की येतो म्हणतोय. त्याची एकच अट. अंबावहिनींनी सोबत यायचं नाही. गावापासून कशेळं आणि कशेळ्याहून कर्जत, तो जीपने एकटा येणार, पुढे पनवेलला आम्ही सोबत.

मला काळजी वाटते. जीप बदलताना कोणी मागून बोललं तर? नरेशला विचारलं, कशेळ्यापर्यंत मी आणायला जाऊ का. तो म्हणाला, "उस्ताद, गोळा त्याला भरू दे." बरोबर आहे त्याचं.

डॉक्टरांकडे नावं दोन लावली आहेत, असं मेघा म्हणाली. एक धाकलूचं. दुसरं कोणाचं, ते मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. सकाळी लवकर निघायचं म्हणून तिने माझा सदरा मात्र इस्त्री करून ठेवलाय.

उद्या नऊच्या सुमाराला धाकलू कर्जतला उतरणं अपेक्षित. मी जीपच्या स्टँडसमोर उभा राहीन, त्याला दिसेन असा.